लोडरच्या पिना घासल्या, बकेट हलते. नुसती नवी पिन टाकून भागेल का?

संत्राबाग_काटोल:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २२ एचपीचा जुना छोटा ट्रॅक्टर आहे, समोर लोडर बसवलेला, बागेत शेणखत टाकायला नं छाटणीच्या फांद्या उचलायला वापरतो. आता बकेट बम हलून राहिली, रिकामा चालवला तरी खडखड होते, आणि बकेट जमिनीला टेकवली की डावा कोपरा आधी लागते. काल आर्म नं बकेट जोडणारी डावी पिन काढली तर मधात पायरी पडलेली, २५ एमएमची पिन तिथं २३.४ भरली. लेथवाला म्हणते नवीन पिन देतो, दोन दिवसात काम होते. पण आर्मचं भोकही लांबट दिसून राहिलं. काय करू? पुन्हा पुन्हा खोलायची ताकद नाही राहिली.

टर्नर_हिंगणा:
भाऊ, पिन करायच्या आधी भोक मोजा, उभं नं आडवं दोन्ही. दोन मापांत अर्धा एमएमचा फरक असला तर नुसत्या पिनेनं काही होत नाही, गोल पिन लांबट भोकात एकाच रेषेवर टेकते, सगळं वजन तिथंच येते आणि ती भराभर खाते. बाहेरून बॉस (आर्मच्या भोकाभोवतीचा जाड गोल भाग) ४५ एमएमच्या आसपास असेल तर भोक ३२ ला बोअर करून आतून २५ चा बुश (भोकात घट्ट बसणारी नळी) ठोका. बुश ०.०३ ते ०.०५ टाइट ठेवायचा, ठोकल्यावर तो आतून आवळते म्हणून रीमर (भोक नेमक्या मापात आणायचं हत्यार) नंतरच मारायचा. पिन नं बुशमध्ये ०.१५ तरी मोकळं ठेवा, नाहीतर ग्रीसला जागाच नाही. पिन ईएन ८ स्टीलची, इंडक्शन हार्डनिंगनं फक्त वरून कडक केलेली. ईएन ३१ स्टीलची पूर्ण कडक करून घेऊ नका, झटक्यानं तुटते. आणि हातड्रिलनं भोक मोठं करायचं तर मनातही आणू नका, डाव्या-उजव्या आर्मची भोकं एका लाइनीत राहणार नाहीत. आर्म काढून आणता येत नसेल तर जागेवरच लाइन बोअरिंग (दोन्ही भोकं एका लाइनीत बोअर करणं) करणारे एमआयडीसीत भेटतात, पोकलेनचं काम करणाऱ्यांना विचारा.

काळीमाती_सावनेर:
वरच्या भाऊंचं बरोबर आहे, माझं एक जोडतो. मी दोनदा पिना केल्या, दोन्ही वेळा एका हंगामात गेल्या, तिसऱ्यांदा पाहिलं तर पिनेचा लॉक बोल्टच तुटलेला होता. पिन फिरली नाही पाहिजे, आर्म पिनेवर फिरला पाहिजे. लॉक नसला की पिन बाहेरच्या कानात (बकेटच्या भोकवाल्या पट्ट्यांत) फिरते, तिथं ना बुश ना ग्रीस, मग कानच खाऊन जातात. तुमचाही बोल्ट पहा आधी. बुश गनमेटलचा घ्या म्हणणारे भेटतील पण आपल्या काळ्या मातीत त्यात कचकच रुतून बसते आणि तीच मग पिन घासते, मी स्टीलचाच टाकला.

वेल्डिंगवाला_वाडी:
कान खाल्ले असतील तर ७०१८ वेल्डिंग रॉडनं भरून मग बोअर करावे लागतील, रॉड कोरडे पाहिजे. बॅटरीची वायर काढा. अर्थ क्लॅम्प ज्या तुकड्यावर वेल्डिंग आहे तिथंच लावा, ट्रॅक्टरच्या दुसऱ्या टोकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जाते. हायड्रॉलिक जॅकच्या चमकत्या रॉडवर ओलं पोतं टाका, एक ठिणगी चिकटली की सील गेलं समजा. आणि हात जोडून सांगतो, उचललेल्या लोडरखाली पिन ठोकू नका. बकेट जमिनीवर, इंजिन बंद, लिव्हर दोन्हीकडे हलवून प्रेशर सोडा, आर्मखाली लाकडी ठोकळे द्या, मगच हातोडा.

संत्राबाग_काटोल:
मोजलं सगळं. भोक २६.९ नं २५.६, म्हणजे लांबटच. लॉक बोल्ट नाहीच, त्या जागी कोणीतरी तार बांधली होती! ग्रीस भरायचं निप्पल मातीनं बंद, ग्रीस आत जातच नव्हतं. उजवी बाजूही खोलतो, दोन्ही आर्म घेऊन हिंगण्याला येतो. ग्रीस किती दिवसांनी मारू?

टर्नर_हिंगणा:
रोज काम असेल तर रोज, ८-१० तासांच्या आत. एकदा बकेट जमिनीवर टेकवून, एकदा जरा वर अधांतरी ठेवून मारा, आपण बाजूला उभं राहून. ज्या बाजूला वजन दाबलं असते तिथं ग्रीस शिरत नाही, दोन्ही स्थितीत मारलं तरच सगळीकडे पोचते. बाहेर स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत मारत राहा. आणि येताना जुन्या पिना फेकू नका, त्यांची लांबी नं लॉकची खाच मोजायला लागतील.