दुखऱ्या नडगीला चाळीस अंगठे

घाटकरी

परवा रात्री आपल्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर एकाने टाकलं: "शंभर दिवस रोज पळायचं आव्हान, साठ दिवस झाले. उजवी नडगी आठवडाभर एकाच जागी ठणकतेय, जिना उतरताना कळ येते. पण साखळी तोडणार नाही. भेटू साताऱ्यात!"

खाली काय? "वाघ आहेस." "शरीर नाही, मन पळतं." अंगठे, ज्वाळा, फुगवलेले दंड. चाळीसेक प्रतिसादांत एकानेही विचारलं नाही की बाबा, दुखतंय नक्की कुठे?

नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर, चार बोटं लांबीचा पट्टा दुखत असेल आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे नडगीच्या हाडालगतचं ताणाचं दुखणं. किलोमीटर निम्मे करा, उतार टाळा, पोटऱ्यांना व्यायाम द्या, बसतं. पण एका बोटाने दाखवता येईल अशी जागा थेट हाडावर असेल, पळताना कळ वाढत जात असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक चीर, धरून चालायचं आणि त्याच दिवशी थांबायचं. खात्री करायला त्या पायावर उड्या मारून बघू नका. एक्स-रे पहिले दोन-तीन आठवडे स्वच्छ येऊ शकतो, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल, चल पळू" हाही फसवा आनंद. एमआरआयमध्ये दिसतं. वेळीच थांबलात तर साधारण सहा ते आठ आठवडे. रेटलंत तर महिने मोजत बसा.

रोजच्या साखळीचं गणितच हाडाच्या विरोधात आहे. भार वाढला की हाड आधी जुना भाग पोखरतं आणि मग नवा भरतं. मधले काही आठवडे ते कच्चं असतं. दम आणि मांड्या मात्र तोवर तयार झालेल्या असतात, म्हणून माणसाला वाटतं आता जमतंय. नेमक्या त्याच वेळी आपण त्याला वाघ म्हणतो. वर हा गडी साताऱ्याच्या हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यावरून वळणार आणि तोच घाट पळत उतरणार. उतारावर प्रत्येक पावलाला नडगीला सपाटीपेक्षा जास्त दणका बसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. डोळे झाकून कौतुक करणं बंद करा. प्रश्न विचारता येत नसेल तर गप्प बसा.

पहाटे_पाच

हाडांचा तास छान झाला. पण "गप्प बसा" हे जरा जास्तच होतंय, साहेब. हौशी माणसाला ना कोच, ना बक्षीस. पावसात पहाटे पाचला अंथरूण सोडायला एकच कारण असतं, कोपऱ्यावर कुणीतरी थांबलेलं असतं. बायकांना तर विचारूच नका. बंद पडलेले रस्त्याचे दिवे, कुत्री आणि बाईकवरून हळू होणारे शहाणे. "मी गेटपाशी आहे" एवढा मेसेज आला की ती बाहेर पडते, नाही आला की नाही.

आणि ग्रुप सोडणारे सगळे दुखापतीने जातात असं वाटतं का तुम्हाला? नवखे जातात ते मागे राहिल्यामुळे. "सगळे मिळून पळू" म्हणत सहाच्या पेसवाले (किलोमीटरला सहा मिनिटं) निघतात, आठच्या पेसची नवी मुलगी पहिला किलोमीटर त्यांच्यामागे धापा टाकते, दुसऱ्या किलोमीटरला रस्त्यावर एकटी. पुढच्या रविवारी ती येत नाही आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

त्यावर साधा उपाय आहे. अंतर लावू नका, वेळ लावा. सगळ्यांनी एकाच दिशेने ४० मिनिटं जायचं, घड्याळ वाजलं की असाल तिथून वळायचं. वेगवाला लांब जातो, हळू पळणारी जवळून वळते, टपरीवर सगळे मागेपुढे दोन-चार मिनिटांत पोचतात. शिवाय परतताना वेगवाले सगळ्यांच्या मागून त्याच रस्त्याने येतात, त्यामुळे वाटेत कुणी बसलं असेल तर दिसतं. अट एकच, परतताना शर्यत लावायची नाही. ती पाळली जात नाही, ही गोष्ट वेगळी.

शेवटचा_डबा

पहाटे_पाच यांना +१.

घाटकरी, कॉम्रेड्स ही शर्यत बघा. दक्षिण आफ्रिकेतली, १९२१ पासूनची, डर्बन ते पीटरमॅरिट्झबर्ग, एका वर्षी चढाची आणि एका वर्षी उताराची. आपल्याकडचेही बरेच जण जातात. बारा तासांची मर्यादा. बारा तास झाले की अधिकारी धावपटूंकडे पाठ करून बंदूक उडवतो, त्यानंतर एक पाऊल उरलं तरी पदक नाही. तिथे मागच्या लोकांच्या 'बस' असतात. एक अनुभवी ड्रायव्हर, मागे शंभरेक माणसं, सगळ्यांची पावलं एका तालात, चढ आला की ड्रायव्हर हात वर करणार आणि सगळी बस चालणार. ८८ किलोमीटर धरले तर सरासरी ८:१० चा पेस. एकट्याने पहिल्या वीस किलोमीटरमध्ये सातने पळून पॉली शॉर्ट्स नावाच्या चढावर रडणारा माणूस बसमध्ये बसला की वेळेत पोचतो. हे प्रोत्साहनच आहे ना?

घाटकरी

@शेवटचा_डबा, बसचा ड्रायव्हर लोकांना चालायला लावतो, हे तुम्हीच लिहिलंत. आपल्या ग्रुपवर "चढावर चाल" कुणी म्हणालं तर खाली काय प्रतिसाद येतील, सांगू?

सब_टू_स्वप्न

बसच्या ड्रायव्हरवरून पेसरचा, म्हणजे ठरल्या वेळेत पोचवायला सोबत पळणाऱ्याचा, विषय निघालाच आहे तर बोलतो. आपल्याकडे पेसर म्हणजे वेळ लिहिलेला फुगा घेतलेला सेल्फीवाला. दोन तासांची हाफ मॅरेथॉन (२१.१ किलोमीटर) म्हणजे ५:४१ चा पेस, हे त्याला पाठ असतं. पण घड्याळ शर्यतीत २१.१ कधीच दाखवत नाही. वळणं बाहेरून घेतली, माणसं चुकवली की २१.३-२१.४ होतात. म्हणजे घड्याळावर ५:३६-५:३८ ठेवायला हवा, नाहीतर फुगा दोन तासांवर मिनिट-दीड मिनिट जाऊन पोचतो आणि मागचे वीस जण त्याच्यासकट बुडतात. वर "ग्रेट जॉब टीम!"

साताऱ्यात तर सपाट पेस धरणारा पेसर गुन्हेगारच. अडीच तास हवेत तर जाताना ७:५० आणि येताना ६:२०, असा हिशेब बसतो. जाताना ७:०६ धरणारा वरच्या वळणापर्यंत सगळ्यांच्या मांड्यांची वाट लावतो.

दोन तासांच्या आत मॅरेथॉन पळायला किपचोगेलाही १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात ४१ पेसर लागले, हे मान्य. पण ते पाळीपाळीने बदलत होते आणि वारा अडवत होते. "कमॉन सर, यू कॅन डू इट" ओरडत नव्हते.

पहाटे_पाच

फुगेवाले फुकट काम करतात, हे विसरू नका. स्वतःची शर्यत सोडून तुमच्यासाठी पळतात.

सब_टू_स्वप्न

फुकट आहे म्हणून चुकीचं चालतं का? मग हेच घाटकरी म्हणतायत.

मीठभाकर

रस्त्यावरच्या प्रोत्साहनाबद्दल कुणीच बोललं नाही अजून. "थोडंच राहिलंय!" हे वाक्य चौदाव्या किलोमीटरला ओरडणाऱ्यांना सातशे उठाबशा द्यायला हव्यात. ऐकणारा खरं मानून जोर लावतो, दीड किलोमीटरमध्ये रिकामा होतो आणि उरलेलं अंतर भिंत धरून काढतो. ओरडायचंच असेल तर आकडा ओरडा: "सात राहिले, पुढचं वळण संपलं की उतार." मुंबईत पेडर रोडच्या चढाखाली उभं राहून "चढ एवढाच, वर गेलात की संपला" म्हणणारी माणसं मला आवडतात, कारण ते खरं असतं.

त्याहून घातक वाक्य म्हणजे "पाणी प्या, पाणी प्या!" २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवणाऱ्या ४८८ जणांचं रक्त तपासलं होतं, अभ्यास २००५ मध्ये छापून आला. १३ टक्के लोकांचं सोडियम १३५ (मिलिमोल प्रति लिटर) किंवा त्याहून कमी, म्हणजे धोक्याइतकं पडलेलं. कोण होते हे लोक? शर्यतीत वजन वाढलेले आणि चार तासांहून जास्त वेळ घेतलेले यांच्यात प्रमाण जास्त. म्हणजे आपलेच मागचे. वेगवाला टेबलावरून ग्लास उचलून अर्धा सांडतो. मागचा थांबतो, स्वयंसेवक प्रेमाने दुसरा देतो, तोही पितो, प्रत्येक टेबलावर. अंगठी घट्ट होते, पोट डबडबतं, मळमळ, डोकेदुखी, मग गोंधळल्यासारखं बोलणं. आणि लोक म्हणतात डिहायड्रेशन झालंय, अजून पाजा!

कोकणी_घाम

बोस्टन एप्रिलमधलं, थंड हवेचं. इथे जानेवारीतही मुंबईत दमटपणा असतो आणि सातनंतर ऊन एकदम चढतं. "पाणी कमी प्या" असा प्रचार करून माणसं मारायचीत का? आमच्याकडे लाँग रनला टी-शर्ट पिळता येतो. उपाय सरळ आहे, पाणी प्या आणि सोबत मिठाच्या गोळ्या घ्या. सोडियम कमी होतं तर सोडियम द्या. एवढं काय अवघड आहे?

मीठभाकर

अवघड हेच की ते चूक आहे. सोडियम पडतं ते मुख्यतः जास्त पाण्याने रक्त पातळ होतं म्हणून. गोळी घेऊन वर लिटरभर जास्त ढोसलं तर गोळीतलं चिमूटभर मीठ काय राखणार? उलट गोळीने तहान लागते आणि माणूस अजून पितो.

कोकणी_घाम

मग घामावाटे जातं ते मीठ नसतं की काय? काळ्या टी-शर्टवर पांढरे नकाशे उमटतात ते खडूचे का? पुस्तकं वाचून डॉक्टर होता येत नाही.

मीठभाकर

नकाशे मिठाचेच. मीठ घेऊ नका असं मी कुठे लिहिलंय? गोळी म्हणजे वाट्टेल तेवढं पाणी प्यायचा परवाना नाही, एवढंच. आणि डॉक्टर नसलेल्याला वजनकाटा वाचता येतो. लाँग रनच्या आधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत, अंग पुसून वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम, वाटेत प्यायलेलं त्यात मिळवा, तासांनी भागा. दोन-तीन वेगळ्या हवामानात केलंत की आपला आकडा कळतो. त्याच्याहून थोडं कमी प्या, तहान बघून. वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही जास्त प्यायलात, विषय संपला.

अजून एक. शर्यतीच्या सकाळी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक खाऊन उभे राहणारे ग्रुपमध्ये कमी नाहीत. पाण्याची कमतरता आणि ही गोळी एकत्र आली की मूत्रपिंडावर ताण येतो. तरीही स्टार्ट लाइनला "घे रे, माझ्याकडे एक्स्ट्रा आहे" म्हणत वाटप चालतं. मैत्री!

वॅसलीन

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मिठाचे.

घाटकरी

धागा नडगीचा होता. मिठागर झालंय.

पहाटे_पाच

नडगीवर काय बोलायचं राहिलंय? तुम्ही निदान केलंत, शिक्षा ठोठावलीत. त्या मुलाला फोन केला का कुणी? मी केला. दुखणं एका बोटाच्या जागेवर आहे, रात्रीही आहे. हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलंय. आता तुम्ही जिंकलात असं लिहा, मोठ्या अक्षरात.

पण साखळी तुटल्यावर तो ग्रुपवर तोंड दाखवणार नाही, याचं काय? सहा-आठ आठवडे ना फोटो, ना आकडे. तेव्हा चाळीस अंगठे कुठे असतील? त्याला काम द्या. रविवारी पाण्याच्या टेबलावर उभा करा, नव्यांचे स्प्लिट, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळा, लिहू दे. डॉक्टर हो म्हणाले तर पोहणं आणि पाण्यात पळणं चालू राहील, दम फार उतरत नाही.

घाटकरी

फोन केलात ते उत्तम. ते आधी केलं असतंत तर मला एवढं लिहावं लागलं नसतं. टेबलाची कल्पना चांगली आहे, असं म्हणायला जिवावर येतंय, पण आहे.

साताऱ्याला जाणाऱ्या बाकीच्यांसाठी: उतार सरावाशिवाय पळू नका. मांड्यांचे स्नायू ताणले जात असताना ब्रेक लावतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. पण शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा नीट उतार पळालात तर स्नायू तो धडा काही आठवडे लक्षात ठेवतात. पावलं छोटी, पाय अंगाखाली, टाच पुढे टाकून ब्रेक मारायचा नाही. सातारकर कडेला उभे राहून ढोल वाजवतात तेव्हा सगळ्यांचा वेग वाढतो, तो वाढू देऊ नका. ओल्या वळणावर बाहेरची बाजू धरा, आत शेवाळ असतं.

शेवटचा_डबा

आणि ओआरएसची पाकिटं नेणार असाल तर एक लिटरच्या पाकिटाला एक लिटर पाणी. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट ओतून "स्ट्राँग" पिणारे दरवर्षी दिसतात. एवढं दाट पोटात गेलं की मळमळतं, जुलाब होतात, मग घाटातच झाडी शोधा.

कोकणी_घाम

ते तरी पटलं. पण उष्माघाताबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मीच लिहितो. ऊन चढल्यावर कुणी भेलकांडायला लागला, बरळायला लागला, तर आधी थंड करा, मग हलवा. सावली, कपडे सैल, बर्फाच्या पाण्याचा टब असेल तर त्यात, नसेल तर पाणी ओतत राहा आणि वारा घाला, काखेत-जांघेत बर्फ. ॲम्ब्युलन्सची वाट बघत नुसतं बसायचं नाही.

मीठभाकर

शंभर टक्के सहमत. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात मात्र पाणी ओतू नका. उष्माघात आहे की सोडियम पडलंय हे बाहेरून कळत नाही, आणि ठसका लागला तर तिसरंच.

कोकणी_घाम

बरं. वजनाचा प्रयोग करून बघतो. गोळ्या सोडणार नाही.

मीठभाकर

सोडू नका. फक्त दुसऱ्यांना वाटू नका.