मदत हवी आहे: जायबंदी मित्राला टीममध्ये कसं धरून ठेवू?

आमची कॉलेजची आठ जणांची रोइंग बोट. पाचव्या सीटवरच्या मित्राच्या बरगडीला स्ट्रेस फ्रॅक्चर झालंय, त्यामुळे सहा आठवडे वल्हं बंद. तरी पठ्ठ्या पहाटे पाचला सगळ्यांच्या आधी हजर! आमची वल्ही धक्क्यावर मांडून ठेवतो आणि बोट सुटली की पाण्याकडे बघत उभा राहतो. बघवत नाही हो. मी चौथ्या सीटवर. दोन वर्षं त्याच्या पाठीकडे बघूनच ताल धरलाय.

त्याला कॉक्स (वल्हं न मारता बोटीला दिशा आणि ताल देणारा) करावं का? आंतरराष्ट्रीय नियमात कॉक्सचं किमान वजन ५५ किलो, हा ८०चा. २००० मीटरच्या शर्यतीत ते जादा ओझं परवडणार नाही, पण सरावापुरतं चालेल? कोणी असं केलंय का? आणि त्याच्या जागी आलेला नवा मुलगा बिचारा आधीच अवघडलाय, त्यालाही परकं वाटायला नको.