रोजच्या वापरातील जड सेडान ट्रॅकवर न्यायची आहे: ब्रेक, टायर आणि परतीचा प्रवास

सिंहगडरोडकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे गेली अडीच वर्षे बीएमडब्ल्यू एम३४०आय आहे. तीन लिटरचे सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन, चारही चाकांना ताकद आणि वजन साधारण पावणेदोन टन. घरात ही एकच गाडी असल्यामुळे सकाळी मुलीची शाळा, मग हिंजवडी आणि महिन्यातून एकदा वाईला आईकडे, असा तिचा दिनक्रम असतो. जानेवारीत चेन्नईच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर एका ट्रॅक डेसाठी (स्वतःची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवण्याचा दिवस) नाव नोंदवण्याचा विचार आहे. वारज्यातून जो ४८ क्रमांकाचा महामार्ग मी रोज ओलांडतो, तोच कोल्हापूर, हुबळी, बेंगळुरू, वेल्लूर करत त्या ट्रॅकच्या दारावरून जातो, त्यामुळे गाडी चालवतच न्यावी आणि चालवतच आणावी असे मनात आहे.

माझ्या ओळखीचे दोघे हलक्या हॅचबॅक घेऊन तेथे जाऊन आले आहेत. त्यांच्या मते गाडी जशी आहे तशी न्यावी, काहीही करावे लागत नाही. मला मात्र वजनाची धास्ती वाटते. दुसऱ्या दिवशी त्याच ब्रेकवर आणि त्याच टायरवर अकराशे किलोमीटर परत यायचे आहे, हे लक्षात घेऊन गाडीत काय बदलावे, काय तसेच ठेवावे आणि ट्रॅकवर किती वेळ चालवावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

जुना_फिटर

आपली धास्ती रास्त आहे. हलक्या गाडीचा अनुभव जड गाडीला जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि त्याचे कारण इंजिनात नसून ब्रेकमध्ये आहे.

थोडे गणित मांडतो. चालक आणि पेट्रोल धरून आपली गाडी साडेअठराशे किलोची समजू. सरळ पट्ट्याच्या शेवटी ताशी १८० वरून वळणासाठी ८० वर यायचे म्हटले, तर तीन-चार सेकंदांत जवळजवळ साडेअठरा लाख ज्यूल उष्णता ब्रेकमध्ये उतरते. घरच्या भाषेत सांगायचे तर सहा लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी. आपल्या मित्राची हजार किलोची हॅचबॅक त्याच जागी फार तर १५० ला पोहोचेल, आणि तिच्या ब्रेकवर याच्या एक तृतीयांश भार येईल. म्हणजे वजन दुप्पटही नसताना काम तिप्पट होते, कारण जास्त ताकदीची गाडी त्याच पट्ट्यावर जास्त वेग घेते आणि वेगाचा वर्ग होतो. यातील सुमारे ७० टक्के भार पुढच्या दोन डिस्कवर, म्हणजे ब्रेकचे पॅड ज्यांना दाबतात त्या लोखंडी चकत्यांवर, पडतो. दोन्ही मिळून २२ किलो लोखंड धरले, तर एका ब्रेकमागे त्यांचे तापमान सव्वाशे अंशांनी चढते. मधल्या पट्ट्यात वाऱ्याने ते थोडे उतरते, परंतु चढते तेवढे कधीच उतरत नाही. पुढच्या वळणावर त्यावरच नवी भर पडते.

म्हणून पहिला खर्च ब्रेक ऑइलवर करावा. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पण ते हवेतील ओलावा शोषत राहते. त्यात ३.७ टक्के पाणी गेले की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. पुण्याचे दोन पावसाळे काढलेले ऑइल रस्त्यावर काहीच तक्रार करत नाही. ट्रॅकवर चौथ्या फेरीत करते. जाण्याच्या आठवड्यात जास्त उत्कलनबिंदूचे ऑइल भरून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतील हवा नीट काढून घ्यावी. अशी ऑइल ३०० अंशांच्या वरची मिळतात, मात्र तीही ओलावा धरतात, तेव्हा परत आल्यावर नेहमीच्या मुदतीची वाट न पाहता लवकर बदलावीत.

पॅड निम्म्याहून कमी उरले असतील तर नवे बसवावेत, आणि तेही महिनाभर आधी, म्हणजे ते डिस्कवर नीट बसतील. निव्वळ शर्यतीचे पॅड आपल्यासाठी नाहीत. सकाळी शाळेच्या फाटकाशी थंड असताना ते नीट पकडणार नाहीत आणि वर किंचाळतील.

सातवा_गिअर

वरचे गणित मी अंगावर अनुभवले आहे, म्हणून लिहिते. माझी गाडी वेगळ्या कंपनीची, पण अशीच जड सेडान आहे. ऑइल तीन वर्षांचे होते आणि ते बदलण्याचा आळस सर्वस्वी माझा होता. दुसऱ्या सत्राच्या पाचव्या फेरीत पट्ट्याच्या शेवटी पेडल दाबले, तर ते नेहमीच्या जागी न थांबता स्पंजासारखे खाली गेले. दोनदा झटपट दाबल्यावर थोडा जोर आला आणि वळणाच्या बाहेर खडीत जाऊन गाडी उभी राहिली. कोणाला काही झाले नाही. चाकांतून निळसर धूर येत होता आणि जळक्या पॅडचा तो आंबूस वास पुढे दोन दिवस माझ्या ओढणीला होता.

त्या दिवशी एक फरक शिकले, तो आपणही ध्यानात ठेवावा. पेडल दगडासारखे घट्ट लागते पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड तापून घसरू लागलेले असतात आणि एक-दोन फेऱ्या सावकाश चालवल्यास बहुधा सावरतात. पेडल खोल जाते, तेव्हा ऑइल उकळून नळ्यांत वाफ झालेली असते. गार झाल्यावर पेडल परत आल्यासारखे वाटले तरी त्यावर विश्वास ठेवू नये. नळ्यांतील ती वाफ काढल्याशिवाय गाडी महामार्गावर नेऊ नये.

दुसरी चूक पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांबण्याच्या जागेत, आल्यावर झाली. घाबरलेल्या अवस्थेत मी पाय ब्रेकवर तसाच दाबून बसले. तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एकाच ठिकाणी चिकटला, आणि परतताना वेल्लूरपासून पुढे प्रत्येक ब्रेकला स्टीअरिंग थरथरत होते. शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता काढावी, आल्यावर गाडी पार्कमध्ये टाकून चाकाला लाकडी ठोकळा लावावा, हँडब्रेक आणि ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) दोन्ही बंद आहेत याची खात्री करावी.

अर्धा_लॅप

माझे मत थोडे निराळे आहे. आपण प्रथमच जात असाल तर ही गाडी पहिल्या खेपेस घरीच ठेवावी आणि प्रशिक्षण वर्गात तेथील हलकी गाडी भाड्याने चालवावी. जड आणि ताकदवान गाडी नवख्याच्या चुका झाकते. चारही चाके ओढून घेतात, घसरण रोखणारी संगणकाची यंत्रणा सावरून घेते, आणि आपल्याला वाटते की आपण छान चालवले. प्रत्यक्षात वळणात आतल्या चाकांना पकडून धरण्यासाठी ती यंत्रणा मागचे ब्रेक स्वतःच दाबत असते, त्यामुळे आपण ब्रेक दाबला नसतानाही ते तापतात आणि मागचे पॅड अपेक्षेपेक्षा आधी झिजतात. म्हणून ती यंत्रणा बंद करावी असे मी म्हणत नाही, नवख्याने तर मुळीच करू नये. परंतु डॅशबोर्डवरचा त्या यंत्रणेचा पिवळा दिवा फेरीभर लुकलुकत असेल, तर तो आपल्या चालवण्यावरचा शेरा आहे असे समजावे.

शिवाय विम्याचा विचार कोणी मांडला नाही. आपल्याकडील मोटार विम्याच्या कागदावर वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात आणि त्यांत संघटित शर्यत, वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅक डे ही शर्यत नाही, असा युक्तिवाद करता येईल, पण पुढचा भाग भिंतीला लागल्यावर तो युक्तिवाद करत बसण्याची आपली तयारी आहे का, हे आधी ठरवावे. ज्या कुटुंबाची तीच एक गाडी आहे, त्याने तो खर्च आपल्याच खिशातून जाणार असे धरूनच निघावे.

सिंहगडरोडकर

सर्वांचे मनापासून आभार. अर्धा_लॅप यांचा मुद्दा पटला, तरी गाडी नेण्याचा मोह सुटत नाही हे प्रामाणिकपणे सांगतो. सकाळी प्रशिक्षण वर्गाची गाडी आणि दुपारी मोजक्या फेऱ्यांपुरती माझी, असा मधला मार्ग काढत आहे. ऑइल आणि पुढचे पॅड डिसेंबरच्या सुरुवातीस बदलेन. ऑइल निघण्यापूर्वी पुन्हा तपासून घेईन. टायरमधल्या हवेबद्दल मात्र कोणी लिहिले नाही.

जुना_फिटर

हवेचे सांगायचे राहिलेच. टायरमधील हवा दर दहा अंशांमागे साधारण दीड पीएसआयने वाढते. सकाळी ३२ भरून निघालात आणि आतील हवा ३० अंशांवरून ८० वर गेली, तर मापक ४० दाखवेल. फुगलेला टायर मधल्या पट्ट्यावर चालतो आणि पकड सोडतो. जड गाडीत वळणाच्या बाहेरच्या पुढच्या टायरवर आधीच बेसुमार भार असतो, आणि भार दुप्पट झाला म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही, त्यामुळे गाडी नाक बाहेर काढत सरळ जाऊ पाहते. तेव्हा पिटमध्ये येताच, टायर गरम असतानाच, हवा ३६ च्या आसपास उतरवावी.

आता यातली गोम अशी की तीच हवा रात्री गार झाल्यावर २९ होते. त्याच टायरवर सामान भरून पहाटे महामार्गाला लागलात, तर दुपारपर्यंत टायरच्या कडा भाजून निघतील. छोटा कॉम्प्रेसर आणि आपले स्वतःचे मापक डिकीत ठेवावे आणि निघण्यापूर्वी गार टायरमध्ये कंपनीने दाराच्या चौकटीवर दिलेल्या आकड्याइतकी हवा भरावी. त्याच वेळी पुढच्या दोन टायरच्या बाहेरील खांद्यावरून हात फिरवावा. रबराच्या गोळ्या लागल्या तर चालते. तारेचे टोक बोटाला टोचले, तर मात्र नवा टायर ट्रॅकजवळच्या श्रीपेरुंबुदुरातच बघावा, बेंगळुरूपर्यंत ढकलू नये.

फेऱ्यांबद्दल: ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा आहे. एक फेरी तापवण्याची, तीन जोरात, एक गार करण्याची, एवढ्यावर सत्र संपवावे. सव्वादोन मिनिटांची फेरी धरली तर ही बारा मिनिटेही होत नाहीत आणि सत्र संपल्याचा झेंडा पडायला अजून वेळ असतो, पण शेजारून हॅचबॅकवाले फिरत राहिले म्हणून आपण राहू नये. नंतर बॉनेट उघडून निदान अर्धा तास गाडी सावलीत उभी ठेवावी. आणि मुलीची पाण्याची बाटली सीटखालून आधी काढून ठेवावी. ताशी १८० ला ती पेडलखाली घरंगळत आलेली मी एकदा पाहिली आहे.