कॅलिफोर्निया : एलसीएसडब्ल्यू परवान्याचे नियम आणि घरची छोटी प्रॅक्टिस

फ्रीमाँटवासी

नमस्कार मंडळी. माझ्या पत्नीने पुण्यात एमएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) केले. इकडे आल्यावर तिने कौन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशनकडून पदवीचे मूल्यमापन करून घेतले, ३,००० तासांचा अनुभव आणि दोन्ही परीक्षा पूर्ण केल्या, आणि गेली चार वर्षे ती परवानाधारक क्लिनिकल सोशल वर्कर (एलसीएसडब्ल्यू) म्हणून भाड्याच्या एका खोलीत समुपदेशन करते. प्रतीक्षायादी आता तीन महिन्यांवर गेली आहे. यादीत निम्मे लोक मुलांकडे राहायला आलेले आजी-आजोबा आहेत, आणि त्यांना मन मोकळे करायचे असते ते मराठीतच.

आमचा बेत असा होता की दोघांच्या नावे निम्म्या-निम्म्या भागीदारीची एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) काढावी, दोन असोसिएट सोशल वर्कर (परवान्यासाठीचे तास पर्यवेक्षणाखाली भरणाऱ्या उमेदवार) १०९९ वर, म्हणजे कंत्राटी म्हणून, टक्केवारीने घ्याव्यात, आणि पत्नीच्या पुण्यातील वर्गमैत्रिणीने व्हिडिओवरून मराठी क्लायंट पाहावेत. आमच्या हिशेबनीसांनी कागद पाहून एवढेच विचारले की, "वहिनींचे लायसन्स दिसते आहे, तुमचे कुठे आहे?" मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. या बेतातले नेमके काय शिल्लक राहते, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

खिडकीजवळची खुर्ची

मी लॉस एंजेलिसजवळ अशीच प्रॅक्टिस चालवते आणि माझ्याकडे तीन असोसिएट आहेत, म्हणून आधी त्यांच्याबद्दल लिहिते, कारण खरा खर्च तिथे आहे आणि तो कोणत्याही फीच्या तक्त्यात दिसत नाही.

असोसिएटला १०९९ वर घेता येत नाही. हे परवाने देणाऱ्या बोर्ड ऑफ बिहेवियरल सायन्सेसच्या नियमानुसार ती डब्ल्यू-२ वरची, म्हणजे पगारी, नोकरदार तरी असावी लागते किंवा स्वयंसेवक तरी. तिने क्लायंटकडून थेट पैसे घ्यायचे नाहीत, तुमच्याकडून खोली भाड्याने घ्यायची नाही आणि धंद्यात हिस्साही ठेवायचा नाही. त्यामुळे "तू तुझे क्लायंट आण, मला टक्केवारी दे" ही आपल्याकडे सर्रास चालणारी पद्धत येथे पहिल्याच दिवशी बाद होते. पेरोल, कामगार विमा, आजारपणाची रजा हे सगळे मालकाच्या अंगावर येते.

दुसरी गोष्ट म्हणजे सुपरव्हिजन. पर्यवेक्षकाने मागील पाच वर्षांत किमान दोन वर्षे परवानाधारक असावे लागते आणि १५ तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. वहिनींची चार वर्षे झाली असल्याने त्या पात्र ठरतील. मात्र असोसिएट आठवड्याला दहा तासांपेक्षा जास्त थेट समुपदेशन करू लागली की सुपरव्हिजनचे एक एकक पुरत नाही, दुसरे द्यावे लागते. एक एकक म्हणजे समोरासमोर एक तास किंवा गटात दोन तास. म्हणजे दोन असोसिएट आणि प्रत्येकीचे चौदा-पंधरा क्लायंट धरले, तर वहिनींचे आठवड्याचे चार तास बिनबिलाचे गेले, आणि ते तास प्रॅक्टिसमध्ये सर्वाधिक कमावणाऱ्या व्यक्तीचे असतात. मी सुरुवातीला हेच करत बसले होते. पुढे लक्षात आले की दोन असोसिएटना एकत्र बसवून घेतलेला एक तास दोघींच्याही खात्यावर पूर्ण एकक म्हणून धरला जातो. तेव्हापासून चाराचे दोन झाले. गुरुवारी सकाळी नऊ ते अकरा दार बंद, फोन बंद, आणि उठण्यापूर्वी दोघींच्या साप्ताहिक तासांच्या तक्त्यावर माझी सही. सही "नंतर करू" म्हणून कधीही ठेवू नये. मी एकदा सात आठवडे ठेवली होती आणि कॅलेंडर चाळत सगळे जुळवताना रविवार गेला.

आणखी एक गोष्ट मुलाखतीतच विचारावी, ती म्हणजे नोंदणीला किती वर्षे झाली. असोसिएटचा नोंदणी क्रमांक सहा वर्षे चालतो. त्यानंतर नवा क्रमांक मिळतो, पण त्या क्रमांकावर खासगी प्रॅक्टिसमध्ये काम करता येत नाही. पाचव्या वर्षातली उमेदवार तयार झालेली असते हे खरे, परंतु ती वेळेत परीक्षा उत्तीर्ण झाली नाही तर तुमच्या डोळ्यांदेखत तिला दुसरीकडे जावे लागते.

जमाखर्च

मालकीबद्दल थोडक्यात लिहितो. कॅलिफोर्नियात परवान्याखालील व्यावसायिक सेवा एलएलसीमार्फत देता येत नाही, म्हणून वहिनी एकट्याच्या नावावर काम करू शकतात किंवा प्रोफेशनल कॉर्पोरेशन (परवानाधारक व्यावसायिकांच्या मालकीची कंपनी) काढू शकतात. त्याचे बहुसंख्य शेअर क्लिनिकल सोशल वर्करकडेच असावे लागतात आणि उरलेले ४९ टक्क्यांपर्यंतचे शेअर कायद्यात नमूद केलेल्या इतर परवानाधारकांनाच घेता येतात. नवऱ्याचे नाव त्या यादीत नाही! आपण पगारी व्यवस्थापक मात्र होऊ शकता. भागधारक एकच असेल तर अध्यक्ष आणि खजिनदार त्याच राहतील, सचिवाला परवाना लागत नाही.

असोसिएटऐवजी पूर्ण परवानाधारक व्यक्ती १०९९ वर घेऊ, असाही विचार कराल, म्हणून आधीच सांगतो. कंत्राटी म्हणून कोणाला घेता येते हे ठरवणाऱ्या, २०२० पासून लागू झालेल्या एबी ५ कायद्यातून मानसशास्त्रज्ञांना सूट मिळाली, क्लिनिकल सोशल वर्करना मिळाली नाही. त्या कायद्यानुसार कंत्राटी व्यक्तीचे काम "धंद्याच्या नेहमीच्या कामाबाहेरचे" असावे लागते, आणि समुपदेशनाच्या प्रॅक्टिसमध्ये समुपदेशनच करणाऱ्या व्यक्तीबाबत हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य आहे.

आजी-आजोबांपैकी ज्यांना मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) असेल त्यांचाही हिशेब वेगळा करावा. मेडिकेअर क्लिनिकल सोशल वर्करला डॉक्टरांच्या दरपत्रकाच्या ७५ टक्केच देते, आणि असोसिएटला स्वतःच्या नावाने तिकडे बिल लावता येत नाही. त्यामुळे ते क्लायंट वहिनींकडेच ठेवून रोख पैसे देणारे क्लायंट असोसिएटकडे वळवावेत, असे मी सुचवेन.

कोथरूडची कट्टेकरी

वर्गमैत्रिणीच्या बाजूने मी लिहिते, कारण मलाही असाच प्रस्ताव आला होता. आपल्याकडे सोशल वर्करला सरसकट परवाना लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मनोविकार क्षेत्रातील सोशल वर्करची व्याख्या आहे, त्यासाठी एमएसडब्ल्यूनंतर दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. लागते, आणि माझ्याकडे ती आहे. पण तिचा तिकडे उपयोग नाही, कारण क्लायंट जिथे बसलेला असतो तेथील परवाना पाहिला जातो. आजी फ्रीमाँटच्या सोफ्यावर असतील तर कॅलिफोर्नियाचाच परवाना हवा, मग समुपदेशक कोथरूडमध्ये असो वा टेक्सासमध्ये. मैत्रिणीला वेळापत्रक आणि बिलांचे काम देता येईल. त्यातही रुग्णांची माहिती हाताळायची असल्याने गोपनीयतेचा करार लेखी करून घ्यावा.

फ्रीमाँटवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एलएलसीचा अर्ज मागे ठेवला आहे. पत्नी १५ तासांच्या प्रशिक्षणाला नाव नोंदवते आहे, आणि दोनऐवजी सध्या एकच असोसिएट घ्यायची असे ठरते आहे. खुर्चीताई, एकच असोसिएट असेल तर एकत्र बसवण्याची सोय राहत नाही, आणि तिला दहा तासांच्या आत ठेवले तर तिचे ३,००० तास लांबतात. आपण पहिली असोसिएट घेतली तेव्हा तिला आठवड्याला किती क्लायंट दिले होते?

खिडकीजवळची खुर्ची

पहिले चार महिने नऊ, नंतर सोळा. सोळा झाल्याच्या आठवड्यातच मी दुसरीची जाहिरात दिली.