सशाच्या कानांची कानटोपी : घरच्या ग्रुपवरील चर्चा

आत्या (परभणी): सर्वांना नमस्कार. आईच्या पेटीत सशाच्या लांब कानांच्या कानटोपीचा जुना इंग्रजी छापील कागद सापडला असून, यंदाच्या थंडीत बाळासाठी ती विणावी असे मनात आहे. त्यात २ औंस चार पदरी लोकर आणि १० नंबरच्या सुया सांगितल्या आहेत. हल्लीच्या अ‍ॅक्रिलिकच्या कृत्रिम धाग्यावर ते जमेल का?

वहिनी (लातूर): आत्या, २ औंस म्हणजे साधारण ५७ ग्रॅम. सुया मात्र पाहून घ्या. ब्रिटिश मोजणीत नंबर वाढला की सुई बारीक होते. त्यांची १० नंबरची सुई ३.२५ मिलिमीटरची, तर अमेरिकन १० नंबरची ६ मिलिमीटरची असते.

आत्या: सुया आईच्याच आहेत. नमुन्याचा चौकोन विणून पाहिला, तर कागदात इंचाला ७ टाके आहेत आणि माझे ६ च बसतात.

वहिनी: मग कागदातले ११२ टाके घालू नका, नाहीतर १६ इंचांची टोपी साडेअठरा इंचांच्याही पुढे जाईल. ९६ घाला, दोन सुलट, दोन उलट या विणीसाठी चाराने भाग जावा लागतो, तोही जातो. बारीक सुया घेऊन ११२ राखता येतील, पण अ‍ॅक्रिलिक फार घट्ट विणले की बाळाच्या कपाळाला ते पुठ्ठ्यासारखे लागते.

काका (नांदेड): आपल्याकडे संक्रांत उलटली की थंडी ओसरू लागते. सुती धागा का नको?

वहिनी: काका, सूत एकदा ताणले की नीट आखडत नाही, त्यामुळे काठ सैल पडून टोपी डोळ्यांवर उतरते. सूत आणि अ‍ॅक्रिलिकचा मिश्र धागा चालेल.

काका: ही टोपी लहानपणी मीच घातली आहे. गल्लीतली पोरे कान ओढत असत, तेव्हा ते पक्के शिवा.

आत्या: कानांत तार आणि डोळ्यांना मणी लावायला सांगितले आहे.

वहिनी: बाळाच्या टोपीला दोन्ही नकोत. कान दुहेरी विणून मध्ये फेल्ट, म्हणजे तंतू दाबून केलेले जाडसर कापड, शिवावे आणि डोळे दोऱ्याने भरावेत. ओले फडके ठेवून गरम इस्त्री फिरवण्याची सूचनाही सोडून द्या. लोकरीला ती मानवते, अ‍ॅक्रिलिकची वीण मात्र कायमची चपटी होते.

आत्या: बरे, ९६ टाके घालते. शनिवारी संभाजीनगरहून कोणी येणार असेल, तर औरंगपुऱ्यातून गुलाबी फेल्टचा वीतभर तुकडा आणावा.