मदत हवी: कंट्रोलमधलीच पिल्लं मरतायत

रात्रपाळी: एम. फार्म. प्रोजेक्ट. गुळवेलीच्या अर्काची ब्राइन श्रिंप टेस्ट लावलीये, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जीवांच्या पिल्लांवर अर्क किती विषारी ते बघायचं. 24 तासांनी बघते तर कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी अर्क न घातलेल्या बाटल्यांतही निम्मी मेलेली. शुक्रवारी गाइडना रीडिंग दाखवायचंय. प्लीज लवकर सांगा.

पिपेटवाला: अर्क कशात विरघळवलास? पाणी कुठलं? पिल्लं फुटून किती वेळ झाला? काहीच लिहिलं नाहीस.

नलूताई: अगं, गुळवेलीची कसली टेस्ट? आमच्याकडे रोज काढ्यात असते. कडुनिंबावर चढलेली घे फक्त.

यकृतप्रेमी: ताई, रोज नको. मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेणाऱ्या 6 रुग्णांच्या यकृताला झालेली इजा छापलीये.

वैद्यबुवा: अर्धवट सांगू नका. आयुष मंत्रालयाने तेव्हाच म्हटलं होतं की त्या रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. तिच्या खोडावर चामखिळीसारख्या गाठी असतात. धागाकर्ती, पुण्याच्या बीएसआयकडून (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) नमुना ओळखून घेतलास का?

रात्रपाळी: घेतलाय हो! प्रश्न कंट्रोलचा आहे, त्यात अर्क नाहीच. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवलाय, म्हणून कंट्रोलमध्ये तेवढंच डीएमएसओ.

उंदीरमामा: श्रिंपवर कोण विश्वास ठेवतं? सरळ ओईसीडी 423 करा, म्हणजे उंदरांना एकच मोठा डोस देऊन विषारीपणा बघायची प्रमाणित चाचणी, 2000 मिग्रॅ प्रति किलो, विषय संपला.

पिपेटवाला: प्राण्यांच्या एथिक्स कमिटीची परवानगी शुक्रवारच्या आत तुम्ही आणून देणार का? आणि एका डोसने यकृताचं काय कळणार? त्याला निदान 28 दिवस रोज डोस द्यायची ओईसीडी 407 चाचणी लागते. असो. रात्रपाळी, डीएमएसओ किती टक्के?

रात्रपाळी: टक्के नाही काढले. 5 मिलीच्या बाटलीत 0.25 मिली.

पिपेटवाला: म्हणजे 5 टक्के! 1 च्या वर जाऊ नकोस. स्टॉक, म्हणजे अर्काचं मूळ द्रावण, घट्ट कर, कमी टाक. शिवाय डीएमएसओ न घालता नुसत्या खाऱ्या पाण्याचीही एक बाटली लाव. त्यातही मेली तर नळाचं क्लोरीन नाहीतर अंड्यांचा डबा बघ. मोजताना भिंगाखाली दहा सेकंद थांब, पाय जरासे हलले तरी ते जिवंत.

उंदीरमामा: 423 ला पर्याय नाही, एवढंच म्हणतो.

रात्रपाळी: आज रात्री लावते. उद्या आकडे टाकते.

नलूताई: ही अंडी मत्स्यालयाच्या दुकानातलीच ना? नातवाच्या गप्पींना चालतील का?