मानवी भूगोलाच्या तासाला घडलेलं : अनुभव धागा

"भूगोल घेतलाय" असं सांगितलं की समोरचा लगेच तोंडी परीक्षा सुरू करतो. अमक्या देशाची राजधानी सांग, तमकी नदी कुठे उगम पावते सांग. मी मंगोलियाची राजधानी सांगून सुटका करून घेते. मानवी भूगोल म्हणजे नक्की काय, हे अडीच वर्षं शिकूनही मला एका वाक्यात सांगता येत नाही. तासाला काय काय झालं ते मात्र सांगता येतं, म्हणून हा धागा. व्याख्या नकोत, नोट्स नकोत. वर्गात, प्रात्यक्षिकाला, क्षेत्रभेटीला जे घडलं ते लिहा. शिकणारे, शिकून विसरलेले, शिकवणारे, सगळे चालतील.

सुरुवात मीच करते. पहिलाच तास. सर आले, हजेरी न घेता कोरे कागद वाटले. "वसतिगृहापासून या वर्गापर्यंतचा नकाशा काढा. आठवेल तसा. मोबाइल पिशवीत." शेजारच्या मुलाने दोन चौकोन काढले, मधे एक रेघ ओढली आणि पेन खिशाला लावलं. मला कागद पुरेना. लायब्ररीमागचा वळसा, दिवा असलेला खांब, दिवा नसलेला खांब, रखवालदाराची खुर्ची. सरांनी सगळे कागद फळ्यावर चिकटवले आणि विचारलं, "फाटक एकच, वर्ग एकच. मग रस्ते वेगळे कसे?" तेव्हा लक्षात आलं, मुलांची रेघ ज्या भुयारी मार्गातून जाते तो आम्हा मुलींपैकी बहुतेकींनी काढलाच नव्हता. ठरवून नाही. तो आमच्या डोक्यातल्या नकाशात नव्हताच.

सरांनी सांगितलं की केव्हिन लिंच या अभ्यासकाने बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसमधल्या लोकांकडून असेच नकाशे काढून घेतले होते. १९६० साली त्याचं पुस्तक आलं आणि त्यात शहराच्या मनातल्या चित्राचे पाच घटक आहेत: वाटा, कडा, विभाग, चौक आणि खुणा. टाळलेल्या जागांसाठी सहावा खाना हवा होता, असं मला परीक्षेत लिहायचं होतं. हिंमत झाली नाही. इथे लिहिते.

*

एक विनंती. ग्रीनलंड आणि आफ्रिकेचा किस्सा कुणी लिहू नका. नकाशावर दोन्ही जवळपास सारखे दिसतात, प्रत्यक्षात आफ्रिका चौदापट मोठी, मर्केटरने १५६९ मध्ये तो नकाशा खलाशांसाठी केला होता, वगैरे. हे प्रत्येकाच्या वर्गात झालेलं असतं आणि प्रत्येक मास्तरांना वाटतं आपणच पहिल्यांदा सांगतोय.

(लिहिला शेवटी मीच. असो.)

*

माझा अनुभव खोडरबराचा आहे. प्रात्यक्षिकाला लोकसंख्येचे मनोरे काढायचे होते. मला जपान आला. बाकीच्यांना वयाचे पाच-पाच वर्षांचे गट होते, मला सरांनी मुद्दाम एकेका वर्षाची आकडेवारी दिली. म्हणजे आलेख कागदावर शंभरच्या आसपास बारीक पट्ट्या, डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया. निम्म्याच्या जरा वर आलो आणि एक पट्टी एकदम आखूड आली. वरची लांब, खालचीही लांब, मधे खाच. मापात चूक झाली असणार म्हणून खोडलं. परत काढलं, परत तेच. तिसऱ्यांदा खोडताना कागद फाटला.

सर मागे उभे होते. म्हणाले, "चूक तुझी नाही, साल बघ." १९६६. जपानी पंचांगात साठ वर्षांच्या चक्रात एकदा 'हिनोए-उमा', म्हणजे अग्नी-अश्वाचं वर्ष येतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते, नवऱ्याला भारी पडते अशी समजूत. त्यामुळे लाखो जोडप्यांनी त्या वर्षी मूल होऊच दिलं नाही. १९६५ ला १८ लाखांवर जन्म, १९६६ ला १३ लाख ६० हजार, १९६७ ला पुन्हा १९ लाखांवर. युद्ध नाही, दुष्काळ नाही, साथ नाही. पाच वर्षांच्या गटात ही खाच जवळपास बुजून जाते, म्हणून मला एकेरी वर्षं दिली होती.

पानाला मागून चिकटपट्टी लावून जर्नल तपासायला दिलं. नीटनेटकेपणाचा एक मार्क गेला. साठ वर्षांनी, म्हणजे २०२६ ला, पुन्हा तेच वर्ष. या वेळी खाच पडते का, याची वाट बघणारा आमच्या बॅचमधला मी एकटाच असेन.

*

वरचं वाचून माझा क्षेत्रघनी नकाशा आठवला. जगाच्या लोकसंख्येची घनता, पाच छटा. आमच्या मॅडमनी वर्गांतरं कशी पाडायची ते सांगितलंच नाही, "तुम्ही ठरवा" म्हणाल्या. मी सरळमार्गी. सर्वांत जास्त घनता मोनॅकोची, चौरस किलोमीटरला १८ हजारांच्या वर. त्याचे पाच समान भाग केले आणि रंगवायला बसले.

तासाभराने माझं अख्खं जग फिकट पिवळं. मंगोलिया, जिथे चौरस किलोमीटरला दोनच माणसं, तोही पिवळा. बांगलादेश, जिथे हजाराच्या वर, तोही पिवळा. सिंगापूरचा ठिपका तेवढा जरा गडद. आणि सर्वांत गडद तपकिरी रंग ज्या मोनॅकोसाठी राखून ठेवला होता, तो देशच दोन चौरस किलोमीटरचा. माझ्या नकाशावर पेन्सिलीच्या टोकाएवढासुद्धा नव्हता. पेन्सिल नुसतीच टोकदार करून ठेवली होती.

मैत्रिणीने प्रत्येक छटेत सारख्याच संख्येने देश येतील असे गट पाडले होते. तिचं जग गोधडीसारखं रंगीबेरंगी. आकडे तेच, तक्ता तोच. मॅडमनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवले आणि विचारलं, "जगात गर्दी आहे की नाही?" तिचा नकाशा बघून वर्ग म्हणाला आहे, माझा बघून म्हणाला नाही. हल्ली बातम्यांत रंगवलेला नकाशा आला की मी आधी कोपऱ्यातली सूची वाचते.

*

तुमचे मास्तर बरे होते. आमच्याकडे मानवी भूगोल म्हणजे डिक्टेशन. रॅट्झेलची व्याख्या, सेंपलची व्याख्या, ब्लाशची व्याख्या, स्वल्पविरामासकट. 'अस्थिर पृथ्वी' आणि 'अविश्रांत मानव' हे शब्द मी अजून झोपेत म्हणू शकतो. मग निश्चयवाद (निसर्ग माणसाला घडवतो) विरुद्ध संभववाद (निसर्ग पर्याय देतो, निवड माणसाची), फरक स्पष्ट करा, पाच मार्क.

एलेन सेंपल ही बाई होती, हेसुद्धा मला वर्षभर माहीत नव्हतं. वहीत नुसतं 'सेंपल'. खूप नंतर वाचलं की अमेरिकेतून ती रॅट्झेलकडे लाइपझिगला शिकायला गेली तेव्हा तिथे बायकांना रीतसर प्रवेशच नव्हता. व्याख्यानं ऐकायची परवानगी मिळाली, पदवी नाही. निसर्ग माणसाला घडवतो, असं ती पुढे जन्मभर मांडत राहिली, आणि तिला वर्गाबाहेर ठेवलं होतं ते माणसांनी केलेल्या नियमाने. वर्गात एवढं सांगायला दोन मिनिटं लागली असती. राग मार्कांचा नाही, त्या दोन मिनिटांचा आहे.

*

स्थलांतराचा धडा. बाईंनी विचारलं, "कुणाच्या घरी स्थलांतर झालंय?" तीन हात वर. एकाचा काका परदेशात, दोघांचे वडील बदलीच्या नोकरीत. मग विचारलं, "तुमची आजी जन्मली त्याच घरात म्हातारी झाली का?" वर्ग गप्प. आई? तीही नाही. आजीच्या जाण्याला आम्ही स्थलांतर म्हणतच नव्हतो.

त्यानंतर रॅव्हनस्टाइनचे नियम शिकवले. १८८५ साली ब्रिटनच्या जनगणनेवरून त्याने मांडलेलं: बहुतेक लोक जवळच जातात, आणि जवळच्या अंतरावर बायका पुरुषांपेक्षा जास्त हलतात. हा माणूस स्वतः जर्मनीत जन्मून इंग्लंडला गेलेला, म्हणजे जवळच्या अंतराच्या नियमाला स्वतःच अपवाद. बाई हे सांगताना खूश झाल्या होत्या.

*

वॉल्टर ख्रिस्टालर, गावं आणि बाजारपेठा कशा मांडल्या जातात याचा सिद्धांत देणारा जर्मन भूगोलतज्ज्ञ. बहुतेकांना षटकोन आणि 'के बरोबर ३, ४, ७' एवढंच आठवत असेल.

आमच्या सरांनी बाटल्यांची झाकणं आणली होती. प्रत्येक झाकण म्हणजे एका बाजारपेठेचा आवाका. बाकावर चिकटून चिकटून मांडली, तरी तीन झाकणांच्या मधे तिकोनी फट उरतेच. "या फटीतला माणूस मीठ आणायला कुठे जाईल?" फट मिटवायला झाकणं एकमेकांवर चढवा, मग मधल्या माणसाला दोन बाजारपेठा. त्या चढलेल्या भागाची मधोमध वाटणी केली की आपोआप षटकोन. आम्ही ते स्वतः शोधल्यासारखे उड्या मारत होतो. १९३३ साली त्याने दक्षिण जर्मनीवर हा सिद्धांत मांडला. मोठ्या गावांत लहान गावं, त्यांत आणखी लहान, सगळं मधाच्या पोळ्यासारखं. मला ते इतकं आवडलं होतं की वहीच्या मुखपृष्ठावर काढलं होतं.

सिद्धांत संपला त्या दिवशी सरांनी शेवटची पाच मिनिटं राखून ठेवली. दुसऱ्या महायुद्धात हाच माणूस नाझी राजवटीच्या नियोजन यंत्रणेत होता. बळकावलेल्या पोलंडमध्ये जर्मन वस्त्यांची उतरंड कशी बसवायची, त्या आराखड्यांवर त्याने काम केलं. सिद्धांतात प्रदेश सपाट आणि एकसारखा धरायचा असतो, ते गृहीतक आम्ही पाठ केलं होतं. सर म्हणाले, "तिथे आधीपासून माणसं राहत होती." घंटा झाली तरी कुणी उठेना.

मुखपृष्ठ बदललं नाही. बदलावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

क्षेत्रभेट : चौकात उभं राहून दोन तास पादचारी मोजले. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. एक आजोबा त्यात नऊ वेळा आले, ते नुसते फेऱ्या मारत होते. अहवालात त्यांना नऊ माणसं धरलंय.

*

मला लिहायचं नव्हतं, पण वरचे आजोबा वाचून लिहितेय.

टोर्स्टन हॅगरस्ट्रँड या स्वीडिश भूगोलतज्ज्ञाची काल-अवकाशाची कल्पना शिकत होतो. आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर दिवसाचे चोवीस तास. आपण जागेवर असलो की रेघ उभी, हललो की तिरकी. एका दिवसाची आपापली रेघ काढून आणायची होती. वर्गातल्यांच्या रेघा नागमोडी. क्लास, मैदान, मित्राकडे, पुन्हा मैदान. माझी कॉलेज सुटल्यावर जी उभी झाली ती झोपेपर्यंत उभीच. घरी आजी अंथरुणाला खिळलेली, आई रात्रपाळीला.

मॅडमनी काही विचारलं नाही. फळ्यावर हॅगरस्ट्रँडची तीन बंधनं लिहिली: शरीराची आणि साधनांची मर्यादा, दुसऱ्या कुणासोबत ठरल्या वेळी असावं लागण्याची, आणि नियम-अधिकाराची. मग म्हणाल्या, आपल्या रेघेच्या प्रत्येक तुकड्यापुढे कोणतं बंधन ते लिहा. मी दुसरं लिहिलं. खूप वेळा लिहावं लागलं.

घरी आजीला कागद दाखवला. तिने विचारलं, "माझी कुठली?" तिचीही काढली. तळापासून वरपर्यंत एकच रेघ, पट्टी न हलवता. "झाली एवढ्यात?" म्हणाली.

*

शिकवणारे चालतील म्हटलंय म्हणून. दरवर्षी फॉन थ्यूनेनची वर्तुळं शिकवतो. १८२६ सालचा सिद्धांत, स्वतः शेती करणाऱ्या माणसाचा. मधे शहर, भोवती दूध-भाजीपाला, दुसऱ्या कड्यात जंगल, मग धान्य, शेवटी गुरं. जंगल एवढं जवळ का, हे मुलांना कधीच पटत नाही. सरपण जड, लांबून आणणं परवडत नाही, आणि शहराच्या चुली तर रोज पेटायच्या, असं मी सांगतो.

एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग घरोघरी गॅस आल्यावर त्या कड्याचं काय झालं?" उत्तर येत नव्हतं, "उद्या सांगतो" म्हणालो. रात्री बसून वाचलं, वर्तुळं पुन्हा आखली, जंगल उचलून बाहेर टाकलं, तर त्यापलीकडची सगळी कडी आत सरकली. दुसऱ्या दिवशीचा तास माझ्या आयुष्यातला चांगला तास झाला.

तेव्हापासून दरवर्षी तो प्रश्न मीच विचारतो. मला सुचला असं भासवून.